बकुळकुंड कोणत्या काठाला?

ज्या गिऱ्हाइकाला एखादं पुस्तक खरोखर हवं असतं, ते गिऱ्हाईक त्या पुस्तकाकडे बघत नाही. एवढं कळलं की जुन्या पुस्तकांचा धंदा निम्मा कळला. माणूस शेजारचं पुस्तक उचलतो, दोन पानं चाळतो, नाक मुरडतो, उन्हाळ्याबद्दल बोलतो आणि पायरी उतरता उतरता विचारतो, “आणि वहिनी, ते खाली काय पडलंय?” मीही लगेच ओळख द्यायची नाही. चष्मा पुसायचा. “कुठलं? ते होय. ते असू द्या, एकांनी विचारून ठेवलंय.” मग त्याचा चेहरा बघायचा. ह्या धंद्यात पैसा बेताचाच मिळाला, पण असे चेहरे मला भरपूर बघायला मिळाले.

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा मेन रोडच्या मागच्या बोळातलं आमचं दुकान नुसतं रद्दीचं होतं. हे स्कूटरवरून गावोगाव फिरून माल आणायचे, किलोवर घ्यायचे आणि किलोवरच द्यायचे. दुपारी दुकानात मी बसायचे आणि बसल्या बसल्या पोत्यातलं वाचायचे. नव्वद सालानंतर जुनी घरं उतरवून तिथे अपार्टमेंट उभी राहायला लागली आणि प्रत्येक घराच्या माळ्यावरून चार पोती आमच्याकडे यायला लागली. त्यात कादंबऱ्या असायच्या, पंचांगं असायची, आणि अधूनमधून नाशिकवरचंच काहीतरी निघायचं. एखाद्या तालुक्याची माहिती, जमाबंदीचा रिपोर्ट, क्षेत्राचं माहात्म्य, नाहीतर यात्रेकरूंसाठी छापलेलं पातळ पुस्तक. जाड सरकारी ग्रंथ टिकतात, कारण ते कुणी उघडत नाही. यात्रेकरूंची पुस्तकं मात्र ओल्या धोतरात गुंडाळली जायची आणि यात्रा संपली की संपायची. म्हणून तीच सगळ्यात दुर्मीळ. हे मला कुणी शिकवलं नाही. त्या पातळ पुस्तकांकडे कुणीच बघत नाही, हे बघून माझ्या लक्षात आलं.

स्वतःच्या गावावरचं पुस्तक विकत घेणारा माणूस ज्ञानासाठी येतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. तो आपल्या गावाची बाजू घ्यायला येतो. येवल्याचे एक पैठणीवाले यायचे, ते ज्या पुस्तकात येवल्याचं नाव असेल ते घ्यायचे. वाचायचे नाहीत. कागद अंगठा आणि बोटात धरून चोळून बघायचे, मान डोलवायचे आणि बांधून द्यायला सांगायचे. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार आले होते, त्यांना तालुक्याच्या जुन्या माहितीत आपलं गाव आहे का ते हवं होतं. मी पान काढून दिलं. गावावर एकच ओळ होती आणि त्यात विहिरीचं पाणी खारं असल्याचं लिहिलेलं होतं. त्यांनी ती ओळ माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली.

“आमचं पानी खारं? लय झालं. अजून कोनाकडं हाय का ही चोपडी?”

मी म्हटलं, नाही, माझ्याकडे ही एकच. त्यांनी भाव न करता ती घेतली, पिशवीत तळाशी घातली आणि वर कोथिंबीर ठेवली. पुन्हा ते पुस्तक कुणाला दिसू नये एवढीच त्यांची इच्छा होती. जाताना म्हणाले, “वैनी, कधी आलात तिकडं तर पानी पिऊन जा.”

ह्या सगळ्यांत पक्के दोघं. शिरसाठ साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गावातच वाढलेले, शर्टाच्या खिशात कायम मोजपट्टी. मुळे गुरुजी पंचवटीचे, पिढीजात तीर्थोपाध्याय, बाहेरगावच्या यजमानांचे विधी करणारे. दोघंही चारच्या सुमाराला यायचे, समोरासमोरच्या स्टुलांवर बसायचे, माझा चहा प्यायचे आणि बकुळकुंडावरून भांडायचे.

बकुळकुंड म्हणजे नदीकाठचं एक लहानसं कुंड. घाट बांधताना ते कधीच बुजलं. गुरुजींचं म्हणणं, ते पंचवटीच्या काठाला होतं आणि त्यांच्या पणजोबांच्या आजोबांनी ते स्वतः खणून बांधलं. साहेबांचं म्हणणं, ते समोरच्या, गावाच्या काठाला होतं, पंचवटीकडे कातळ आहे, तिथे कुणाचेही पणजोबा खणू शकले नसते. पुरावा दोघांकडेही नव्हता. पुरावा असलाच तर तो ‘घाटांच्या पुस्तकात’, असं दोघं एकमताने मान्य करायचे. ह्या पुस्तकाचं खरं नाव मला आजही माहीत नाही, कारण मी पाहिलेल्या एकाही प्रतीला पहिलं पान नव्हतं. शिळाछापातलं, देवळं-घाट-कुंडं यांची वर्णनं देणारं. त्यात बकुळकुंडाची पायरीनपायरी सांगितलेली आहे, पण जागेसाठी ‘नकाशा पाहावा’ असं लिहून लेखक मोकळा झालेला. आणि नकाशा कुठल्याच प्रतीत नाही. घडीचा कागद तो, यात्रेकरू फाडून हातात घेऊन फिरायचे आणि त्यांच्याबरोबर तो नदीत जायचा.

हे भांडण मला आवडायचं. दुकानात रेडिओ नव्हता, त्याची उणीव भासत नसे. कधी दोघं थंड पडले तर मीच काडी टाकायचे. “साहेब, कातळात कुंड खणता येत नाही का हो?” एवढं विचारलं की पुढचा तासभर मला पुस्तकांना खळ लावायला मोकळा मिळायचा.

पण एका वर्षी साहेबांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये ‘गोदाकाठचे बदल’ असं व्याख्यान दिलं आणि त्यात बकुळकुंडाची पंचवटीतली कथा ही पुरोहितांनी रचलेली थाप आहे, असं सरळ म्हणून टाकलं. श्रोत्यांत गुरुजींचा मुलगा बसला होता. तो नुकताच वडिलांच्या जागी घाटावर बसायला लागला होता, हातात मोबाइल, बोलायला चटपटीत. त्यानंतर त्याने यजमानांना कुंडाची गोष्ट सांगणं बंद केलं. कुणी विचारलंच तर हसून म्हणायचा, ती आमच्या बाबांची दंतकथा आहे. गुरुजींनी हे मला सांगितलं तेव्हा चहाचा कप तसाच हातात होता. साहेबांनी खोटं पाडलं त्याचं त्यांना काही वाटलं नाही, ते रोजचंच होतं. मुलाने हसून सांगितलं ते लागलं. त्या दिवसापासून घाटांच्या पुस्तकाच्या नकाशाबद्दल गुरुजी बोलायचेच बंद झाले. मी वर सांगितलेला नियम लावला आणि समजले की ह्या माणसाला आता दुसरं काही नको आहे.

सिंहस्थाच्या आधीच्या उन्हाळ्यात यांनी त्र्यंबकेश्वराहून एका घरातल्या पोथ्यांची पेटी आणली. लाल बासनात बांधलेली एक पोथी उघडून पाहिली, तर तिच्या पाठीला, ती वाकू नये म्हणून, घडी केलेला जाड कागद. मी तो दुकानाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर उलगडला. तीच शिळाछापाची शाई, तीच वेलबुट्टीची चौकट, आणि कोपऱ्यात कोणत्या पानासमोर लावायचा ते छापलेलं. मी हातातली खळ बाजूला ठेवली, हात धुऊन आले आणि मग नदीवरून बोट फिरवलं. बकुळकुंड पंचवटीच्या काठाला होतं. चौकोन काढून बारीक अक्षरात नाव लिहिलं होतं, अगदी स्वच्छ.

“काय गं, एवढं काय त्यात?” हे म्हणाले. “वजन पावशेरसुद्धा नाही.”

आमच्या धंद्यात तीन गोष्टी पाळाव्या लागतात. ज्याने आधी विचारलंय त्याला वस्तू आधी दाखवायची. तो ‘ठेवा’ म्हणाला आणि इसाराचे पैसे न देता गेला, तर ती पुढच्याला मोकळी. आणि कुणी काय नेलं, त्यात काय होतं, हे दुसऱ्याला सांगायचं नाही. तिसरी गोष्ट मोडणाऱ्या दुकानदाराकडे कुणी पुन्हा पाऊल टाकत नाही.

नकाशाबद्दल पूर्वी सगळ्यात आधी विचारून ठेवलं होतं गुरुजींनी. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते घाटावर जाता जाता आले तेव्हा मी कागद अर्धा उलगडून दोन जुन्या पंचांगांखाली ठेवला होता. रीतसर हातात द्यायला हवा होता, पण मला त्यांचा चेहरा बघायचा होता. गुरुजींनी वरचं पंचांग उचललं, नाकाजवळ नेलं, खाली ठेवलं. चौकटीवर त्यांची नजर गेली आणि तिथेच अडकली. उपरण्याचं टोक त्यांनी मुठीत धरलं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, “कुठला तरी कागद दिसतोय. ठेवा, सावकाश बघू.”

“गुरुजी, ठेवू नक्की?”

“ठेवा की. पळून जातोय थोडाच.”

आयुष्यभराची सवय. हव्या त्या वस्तूचं नाव तोंडून निघायचंच नाही. घाटावर श्राद्धाचे यजमान खोळंबले होते, ते गेले. तासाभराने साहेब आले. त्यांनीही आधी पंचांगच उचललं. मग कागद दिसला, आणि त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा भाव न विचारता पाकीट बाहेर काढलं. मी काय करणार? मी कागद गुंडाळून दिला. साहेबांनी तो दुकानात उलगडलासुद्धा नाही, तडक घरी नेला.

गुरुजी चार वाजता परत आले. या वेळी पंचांगाला हात लावला नाही.

“वहिनी, सकाळचा तो कागद.”

“गेला, गुरुजी.”

कुणाला गेला ते त्यांनी विचारलं नाही. त्या बोळात असा कागद नेणारा दुसरा कुणी नव्हता. ते स्टुलावर बसले, चहा नको म्हणाले. मग म्हणाले, आता साहेब वाजतगाजत येतील. मला हसू आवरत नव्हतं, कारण नकाशात काय आहे ते मी पाहिलं होतं आणि वाजतगाजत कोण येणार नाही हेही मला माहीत होतं. पण गुरुजींचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. सकाळी जो चेहरा बघायची हौस होती, त्याच चेहऱ्याकडे आता बघवेना.

साहेब काही दिवस फिरकलेच नाहीत. आले तेव्हा गुरुजी समोरच बसले होते. आणि गुरुजींनी सरळ विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी एखादी गोष्ट सरळ विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“साहेब, कुंड कुठे दाखवलंय?”

साहेबांनी वर फिरत्या पंख्याकडे पाहिलं. “काय सांगू गुरुजी. नेमका तेवढाच भाग कसरीने खाल्लाय. चाळण झालीय नुसती.”

गुरुजी हरि हरि म्हणाले, उपरणं सारखं केलं आणि निघून गेले.

मी तो नकाशा सतरंजीवर उलगडून पाहिला होता. कसरीचा दातसुद्धा त्याला लागलेला नव्हता. पण बोलायची सोय नव्हती. रात्री जेवताना यांना सांगितलं तर हे म्हणाले, तू तोंड उघडलंस तर उद्यापासून दुकानात येणार कोण? बरोबरच होतं. म्हणून मी सांगायचा विचार सोडला आणि दुसरा मार्ग धरला. कसर लागलेला माल सांगून विकायचा आणि न सांगता गेला असेल तर परत घ्यायचा, हा आमच्या दुकानाचा शब्द होता. दुसऱ्या दिवशी साहेब आले तसे मी हात जोडले.

“साहेब, माझ्या दुकानातून खराब माल गेला, मला झोप नाही. नकाशा परत आणा, पूर्ण पैसे घ्या.”

“छे, छे. असू द्या हो. मला चालतोय.”

“तुम्हाला चालतोय, पण मला नाही चालत. दुकानाच्या नावाचा प्रश्न आहे.”

साहेब चुळबुळले. काही दिवस मी हाच धोशा लावला. ते पायरी चढायच्या आत मी नकाशाची आठवण करायचे आणि ते आल्या पावली काहीतरी विसरल्यासारखं करून परत जायचे. मला फार मजा वाटत होती. आणावा तर खोटं उघडं पडतं आणि न आणावा तर मी सोडत नाही. एका संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी फोन केला. फोन त्यांच्या मिसेसनी घेतला.

“अहो वहिनी, काय दिलंत यांना? त्या कागदापुढे बसून असतात. आज तर टेबलावर मोजपट्टी घेतलीय आणि ब्लेड.”

मी त्यांना अशा कोपऱ्यात ढकललं होतं की बाहेर पडायला एकच वाट उरली होती, आणि ती ब्लेडची होती. पंचवटीचा तेवढा तुकडा कापला की साहेब खरे, माझा हट्ट पुरा आणि गुरुजींची गोष्ट कायमची बुजली. जगात उरलेला तो एकच नकाशा असेल, आणि तो माझ्या गमतीपायी कापला जाणार. साहेबांना बोलवा म्हटलं तर ते आत्ता उठणार नाहीत म्हणाल्या. मी पुन्हा दोनदा फोन लावला, तो लागलाच नाही.

सकाळी मी गुरुजींना निरोप धाडला, चार वाजता याच. मनात म्हटलं, कापलेला का असेना, त्यांनी तो एकदा बघावा. गुरुजी आले, आपल्या स्टुलावर बसले. मग साहेब आले, काखेत गुंडाळी. दाढी केलेली नव्हती. टेबलावरची पुस्तकं मी दोन्ही हातांनी बाजूला सारली. साहेबांनी कागद उलगडला आणि चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली.

नकाशा अख्खा होता.

“पट्टी लावली,” साहेब म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की गुरुजींशी, ते कळत नव्हतं. “ब्लेड टेकवलं. नाही जमलं. हा कुणीतरी साखळी टाकून, पायी फिरून मोजलाय हो. आम्ही खात्यात काढले त्याहून चांगला आहे. ह्याला कसं कापू?” मग त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. “कसर नव्हती. मी खोटं बोललो. बघा, तुमच्याच काठाला आहे.”

गुरुजींनी चष्मा वर केला आणि नाक कागदाला लागेपर्यंत वाकले. त्या बारीक अक्षरांवर ते बराच वेळ होते. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. एवढंच विचारलं की मुलाला दाखवायला एक दिवस नेऊ का. साहेब म्हणाले, न्या, तुमचाच आहे. गुरुजींनी तो त्या पोथीचं लाल बासन माझ्याकडून मागून घेऊन त्यात बांधला आणि छातीशी धरून नेला.

ते गेल्यावर साहेब स्टुलावर बसून राहिले. आता यायचं कशाला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मलाही तीच भीती होती. दुकान एवढं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. मी एक-दोन काड्या टाकून बघितल्या, पण त्या पेटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गुरुजी बासन घेऊन हजर. मुलाने नकाशा पाहिला, वाकून नमस्कार केला आणि आलेल्या यजमानांना घाटावर नेऊन जागा दाखवली, एवढं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग नकाशा टेबलावर पसरला, साहेबांच्या समोर सरकवला आणि म्हणाले, “पण साहेब, खरं सांगू का? हा नकाशा काही भरवशाचा दिसत नाही.”

साहेबांनी मान वर केली. “का?”

“उत्तर दिशा चुकलीय. पायऱ्यासुद्धा अंदाजे काढल्यात. ह्याच्यावरून कुंड पंचवटीतच होतं असं म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं.”

साहेब ताडकन उभे राहिले. खिशातली मोजपट्टी बाहेर आली. उत्तर दिशा कशी चुकली ते दाखवा म्हणाले. एक इंच इकडे तिकडे नाही, वाटेल त्या कोर्टात सांगतो, बकुळकुंड पंचवटीच्याच काठाला होतं. गुरुजी मान हलवत म्हणाले, पुरावा अपुरा आहे. मग कातळ निघाला, पणजोबा निघाले, आणि पणजोबांना कातळात खणता आलं असतं हे साहेब गुरुजींना पटवून द्यायला लागले. मी स्टोव्हवर चहा टाकला. हातात काम भरपूर होतं, पण मी खळीला हात लावला नाही, नुसती ऐकत बसले.

नकाशा मग माझ्याच दुकानात राहिला. एकाच्या घरी ठेवला असता तर दुसऱ्याला भांडायला यायची पंचाईत झाली असती. सिंहस्थ आला आणि गेला, घाटांची पुन्हा डागडुजी झाली. साहेब बकुळकुंड पंचवटीत असल्याचे नवनवे पुरावे आणत राहिले आणि गुरुजी एकही मान्य करेनात. मुलगा घाटावर यजमानांना छाती काढून कुंडाची गोष्ट सांगायचा आणि वडील बोळात बसून तीच गोष्ट खोडून काढायचे.

साहेब गेले तेव्हा गुरुजींनीच त्यांचे दहाव्याचे विधी केले, दक्षिणा घेतली नाही. त्यानंतर बरेच दिवस ते दुकानात आले नाहीत. एके दिवशी चार वाजता आले, नेहमीच्या स्टुलावर बसले आणि नकाशा मागितला. मी बासन सोडून दिलं. गुरुजींनी तो पसरला, कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाले, “साहेबांचंच बरोबर होतं, वहिनी. कुंड आमच्याच काठाला होतं.”